पेन्सिल कोणाच्या हातात होती?

आमच्या घरात आजीचा एकच मोठा फोटो आहे. बुद्ध आणि बाबासाहेबांच्या फोटोंच्या शेजारी, थोडा खाली टांगलेला. त्या फोटोत आजी गोरी आहे. साडी गुलाबी, ओठ लालसर, कपाळ एकदम स्वच्छ. लहान असताना मला वाटायचं, ही कोणीतरी दुसरीच बाई आहे. कारण माझी आजी काळी होती. तिच्या दोन भुवयांच्या मध्ये गोंदणाचे हिरवे ठिपके होते, हनुवटीवर एक होता. मी तिच्या मांडीवर डोकं ठेवून ते मोजायचे. फोटोत एकही नाही.

हा फोटो सत्तरच्या दशकात तालुक्याच्या गावातल्या एका स्टुडिओत तयार झाला. जत्रेत काढलेला तळहाताएवढा फोटो होता, त्यावरून निगेटिव्ह करून, टचिंग करून, मोठा करून, वरून हातानं रंग भरलेला. तो छोटा मूळ फोटो आत्याच्या पत्र्याच्या पेटीत अजून आहे. मागच्या वर्षी मी तो स्कॅन केला आणि जुने फोटो 'नीट' करून देणाऱ्या एका ॲपमध्ये टाकला. अर्ध्या मिनिटात आजी परत आली. पुन्हा गोरी. पुन्हा कपाळ कोरं. ॲपच्या हिशेबात गोंदण म्हणजे कागदावरचा डाग.

एकाच बाईचा चेहरा पन्नास वर्षांच्या अंतरानं दोनदा पुसला गेला. एकदा पेन्सिलनं, एकदा मशीननं. मी समाजशास्त्रात पीएचडी करते आहे, जुने फोटो हा माझ्या कामाचा भाग आहे, आणि या दोन पुसण्यांमधला धागा शोधता शोधता मी मागे मागे जात एकोणिसाव्या शतकात पोचले. तिथं जे दिसलं त्यावरून हा लेख.

सध्या जुन्या फोटोंचं फार कौतुक सुरू आहे. मोठ्या शहरांतल्या गॅलऱ्यांमध्ये रंगवलेल्या फोटोंची प्रदर्शनं लागतात. मोबाईलवर 'फोटोशॉपच्या आधीचं फोटोशॉप' असल्या मथळ्याच्या याद्या फिरतात. सगळ्यांचा सूर एकच: बघा, तेव्हाही लोक हेच करायचे! किती गंमत, किती कला! माझा आक्षेप त्या 'लोक' या शब्दाला आहे. कोण लोक? कोणाच्या चेहऱ्यावर ब्रश फिरला, कोणाच्या सांगण्यावरून फिरला, आणि कोणाच्या चेहऱ्यावर मुद्दाम फिरवला नाही? हे प्रश्न त्या भिंतींवर कुठं लिहिलेले नसतात. आपल्या देशात पंगतीपासून पाणवठ्यापर्यंत प्रत्येक गोष्टीची वाटणी जातीनं झाली, आणि फोटोतला सन्मान मात्र सगळ्यांना सारखा वाटला गेला, असं हे प्रदर्शनवाले आपल्याला पटवू बघतात.

माझं म्हणणं सरळ आहे. सुरुवातीच्या काळातलं रिटचिंग ही वाटणीच होती. ज्याच्याकडे सत्ता आणि पैसा होता, त्याला त्याच्याकडे नसलेलं रूपसुद्धा मिळालं. ज्याच्याकडे काही नव्हतं, त्याच्याकडून जे थोडं होतं तेही, म्हणजे नाव, गाव, काळ, काढून घेतलं गेलं.

आधी हे काम कसं चालायचं ते समजून घेऊ, कारण तंत्राच्या नावाखाली बरंच काही लपवलं जातं. १८५० नंतर तीसेक वर्षं फोटो निघायचे ते ओल्या काचेवर. काचेवर कोलोडियनचा थर ओतायचा, ती चांदीच्या क्षाराच्या पाण्यात बुडवायची, आणि ओली असतानाच फोटो काढून धुवायची. या काचेला निळा-जांभळा प्रकाशच तेवढा कळायचा. लाल, पिवळा, तपकिरी तिच्या लेखी जवळजवळ अंधार. त्यामुळे निळं आकाश पांढरंफटक यायचं, आणि आपल्यासारखी तपकिरी कातडी डोळ्यांना दिसते त्याहून जास्त काळी. म्हणजे कॅमेरा निष्पक्ष आहे ही समजूत पहिल्या पायरीवरच कोसळते.

याचा त्रास गोऱ्यांनाही झाला. त्यांच्या गालांवरचे तांबूस ठिपके काचेवर काळेकुट्ट यायला लागले. मग मात्र उपाय लगेच शोधले गेले. पहिल्या धातूच्या पत्र्यावरच्या फोटोंत गालाला गुलाबी भुकटी आणि दागिन्यांना सोनेरी रंग लावायची पद्धत १८४० च्या दशकातच सुरू झाली होती. म्युनिकच्या फ्रान्झ हान्फस्टेंगलनं १८५५ च्या पॅरिस प्रदर्शनात रिटच केलेले फोटो मांडले, आणि पुढच्या काही वर्षांत टचिंगशिवाय फोटो देणं हा स्टुडिओचा कमीपणा ठरू लागला. उतरत्या मेजावर दुधी काच, खाली उजेड परतवणारा आरसा, काचेवर ठेवलेली निगेटिव्ह, आणि सुईसारखी टोक केलेली कडक पेन्सिल. हे काम करणाऱ्यांत युरोपात बायका पुष्कळ होत्या. फोटोच्या पुठ्ठ्यावर नाव छापलं जायचं स्टुडिओच्या मालकाचं. त्या बायकांची नावं शोधायला गेलात तर हाती फारसं काही लागत नाही. श्रम करणाऱ्याचं नाव गायब होणं हे आपल्याला नवीन नाही, म्हणून एवढंच सांगून पुढं जाते.

पण पेन्सिलचा एक गुण नीट लक्षात घ्या. निगेटिव्हमध्ये सगळं उलटं असतं. चेहऱ्यावरचा काळा डाग निगेटिव्हवर पारदर्शक दिसतो. तिथं पेन्सिलनं बारीक रेघा भरल्या की छापलेल्या फोटोत तो डाग उजळतो. म्हणजे पेन्सिल टेकवली की माणूस गोरा होतो. उलट एखादी जागा गडद करायची असेल तर निगेटिव्हवरचा थर चाकूनं खरवडावा लागतो, आणि हात जरा घसरला तर काच वाया. उजळवणं सोपं आणि स्वस्त, गडद करणं अवघड आणि धोक्याचं. सुरकुती, चामखीळ, देवीचे व्रण, गोंदण, सावळा रंग, सगळ्यांवर एकच हालचाल. तालुक्याच्या स्टुडिओतला माणूस माझ्या आजीच्या कपाळावर शंभर वर्षांपूर्वीचीच हालचाल करत होता.

रंगांचा हा आंधळेपणा कमी करायचा मार्ग, काचेच्या थरात रंगद्रव्य मिसळून तिला इतर रंगही दाखवण्याचा, जर्मनीतल्या हर्मान फोगलला १८७३ मध्ये सापडला. त्याच वर्षी पुण्यात जोतीराव फुल्यांचं 'गुलामगिरी' छापलं गेलं. या दोन गोष्टींचा एकमेकींशी काही संबंध नाही. पण माझ्या वहीत त्या शेजारी शेजारी लिहिलेल्या आहेत.

आता आपल्याकडे येऊ. मुंबईत फोटोग्राफिक सोसायटी १८५४ मध्ये निघाली, एल्फिन्स्टन इन्स्टिट्यूशनमध्ये पुढच्या वर्षी फोटोग्राफीचा वर्ग सुरू झाला. त्याच काळात राजेरजवाड्यांकडचे चितारी कामाच्या शोधात होते, आणि त्यांना कॅमेऱ्यानं नवं काम दिलं. कागदावर फिका फोटो छापायचा आणि त्यावर जाड रंग चढवायचा, इतका की चेहरा सोडून खाली फोटो आहे हे कळूही नये. मागे स्टुडिओचा साधा पडदा असेल तर तिथं खांब आणि गालिचा आणायचा. गळ्यात एक कंठा असेल तर तीन करायचे, वर सोन्याचा मुलामा. प्रदर्शनांत याला परंपरा आणि आधुनिकतेचा संगम म्हणतात. असेलही. पण संगमाचं तिकीट कोणाला परवडत होतं?

नाथद्वाऱ्याचं उदाहरण घ्या. तिथं श्रीनाथजीपुढं हात जोडून उभ्या असलेल्या यजमान कुटुंबाची चित्रं करून देण्याची पद्धत आहे. फोटो आल्यावर चेहरे फोटोतून घेऊन चित्रातल्या अंगांवर बसवले जाऊ लागले. सगळं कुटुंब देवापुढं नीट रांगेत, चेहरे हुबेहूब. अशी चित्रं आज संग्राहक मोठ्या किमतीला घेतात. आता याच मंदिरात दलितांना प्रवेश मिळावा म्हणून १९८८ मध्ये, होय, एकोणीसशे अठ्ठ्याऐंशीमध्ये, मोर्चा काढावा लागला होता. एकाचा नुसता चेहरा कापून चिकटवला तरी तो गाभाऱ्यात पोचतो, आणि दुसरा हाडामासाचा माणूस दाराबाहेर. या चित्रांबद्दल मी जे काही वाचलं, त्यात या दोन गोष्टी एका परिच्छेदात आलेल्या मला दिसल्या नाहीत.

ही झाली वरच्यांची बाजू. आता खालच्यांची.

विल्यम जॉन्सन नावाच्या इंग्रजानं मुंबईत राहून इथल्या जातीजमातींचे फोटो काढले आणि 'द ओरिएंटल रेसेस अँड ट्राइब्स, रेसिडेंट्स अँड व्हिजिटर्स ऑफ बॉम्बे' या नावानं दोन खंड काढले, १८६३ आणि १८६६ मध्ये. दुसरा खंड महाराष्ट्राचा. हे फोटो पहिल्यांदा पाहिले तर वाटतं, ही माणसं मुंबईच्या रस्त्यावर, देवळापुढं, झाडाखाली उभी आहेत. नीट पाहिलं की शिवण दिसते. माणसांच्या कडा कापल्यासारख्या, सावली एकीकडे आणि मागच्या इमारतीची सावली दुसरीकडे. माणसं एका ठिकाणी उभी करून फोटो काढला, मागचं दृश्य वेगळ्या निगेटिव्हवरून घेतलं आणि दोन्ही जोडलं. ओल्या काचेचा काळ होता, उघड्यावर माणसांचा घोळका आणि मागचं दृश्य एकाच फोटोत साधणं कठीण होतं, हे मान्य. पण कोणत्या जातीच्या मागे कोणतं दृश्य लावायचं, हे ठरवायला कोलोडियनची अडचण नव्हती. ते जॉन्सननं ठरवलं. माणूस उचलायचा आणि त्याच्या 'जागी' नेऊन ठेवायचा. आपल्याला आपली जागा दाखवणारे गावात कमी होते म्हणून आता फोटोतही!

याच्याच पुढची पायरी म्हणजे 'द पीपल ऑफ इंडिया'. १८६८ ते १८७५ या काळात सरकारी आशीर्वादानं निघालेले आठ खंड, साडेचारशेहून जास्त फोटो. सुरुवात लॉर्ड कॅनिंग आणि त्याच्या बायकोच्या हौसेतून झाली, १८५७ च्या उठावानंतर हौसेचं सरकारी काम झालं. काही फोटोंत माणसाभोवतीची जागा विरत विरत पांढरी होते, जणू तो कुठंच उभा नाही. पण इथलं मोठं रिटचिंग ब्रशनं झालेलंच नाही. ते मथळ्यानं झालं. खाली बहुतेक वेळा माणसाचं नाव नाही, जातीचं किंवा जमातीचं नाव. सोबतच्या मजकुरात ती अख्खी जमात आळशी, ती लबाड, ती चोर. एका माणसाचा चेहरा, आणि त्यावर हजारोंचं चारित्र्य लिहून टाकलेलं. याच वर्षांत, १८७१ मध्ये, गुन्हेगार जमाती कायदा आला. फोटोनं कायदा आणला असं मी म्हणत नाही. पण दोन्ही एकाच टेबलावर वाढत होते.

या खंडांबद्दलचा एक प्रसंग मात्र सविस्तर सांगायलाच हवा. १८६९ मध्ये सर सय्यद अहमद खान मुलांसह लंडनला होते. इंडिया ऑफिसमध्ये त्यांनी हे खंड पाहिले आणि त्यांना फार अपमान वाटला. भारतात नोकरीला निघालेले तरुण इंग्रज अधिकारी हे पाहून आपल्याबद्दल काय मत करून घेतील, असं त्यांनी लिहून ठेवलंय. त्यांचा मुलगा महमूद पानं उलटत असताना एका तरुण इंग्रजानं विचारलं, तू हिंदुस्तानी का? महमूद हो म्हणाला, पण लाजला, आणि घाईघाईनं खुलासा केला की आपण इथल्या मूळ रहिवाशांपैकी नव्हे, आपले पूर्वज दुसऱ्या देशातून आलेले.

हा खुलासा पुन्हा वाचा. वसाहतवादाच्या अभ्यासात हा प्रसंग भारतीय स्वाभिमानाला बसलेला धक्का म्हणून सांगितला जातो. मला त्यात दुसरंच दिसतं. माणसांना जनावरांसारखं मांडलंय ही तक्रार बाजूला पडली, आम्हाला त्यांच्यात मांडू नका ही पुढे आली. ज्यांचे फोटो त्या खंडांत होते, ते लंडनला जाऊन पान उलटू शकत नव्हते. त्यांच्या वतीनं लाज वाटून घेणारासुद्धा त्यांच्यापासून चार पावलं लांब सरकून उभा राहिला. आज अश्राफ-अजलाफचा प्रश्न मांडणारे पसमांदा मित्र हा प्रसंग वाचतील तेव्हा त्यांना मी जास्त काही समजावून सांगायची गरज पडणार नाही. आणि हिंदू सवर्णांनी यावर खूश होऊ नये. आम्ही आर्य, आम्ही तुमचेच दूरचे भाऊबंद, हा त्यांचा इंग्रजांपुढचा युक्तिवाद याच जातीचा होता.

अमेरिकेचा विषय इथं मुद्दाम आणते. 'गुलामगिरी'ची अर्पणपत्रिका जोतीरावांनी निग्रोंना दास्यातून सोडवणाऱ्या अमेरिकेतल्या भल्या लोकांना वाहिली होती. ते नातं तेव्हापासूनचं आहे.

त्या गमतीच्या याद्यांमध्ये पहिला नंबर नेहमी अब्राहम लिंकनचा असतो. लिंकनचं एक भारदस्त उभं चित्र आहे, झगा, टेबल, कागद. त्यातलं डोकं तेवढं लिंकनचं, फोटोवरून घेतलेलं. अंग जॉन कॅलहूनच्या जुन्या छापील चित्रातलं. टेबलावरच्या कागदांवरचे शब्दही बदलले, राज्यांच्या सार्वभौमत्वाच्या जागी गुलाममुक्तीची घोषणा आली. यादी इथं थांबते, वाचक हसतो. कॅलहून कोण होता? गुलामगिरी हे दोघांच्याही भल्याचं आहे असं भर सेनेटमध्ये सांगणारा, तिच्या बाजूनं सगळ्यात ठामपणे बोलणारा राजकारणी. मुक्तिदात्याला प्रतिष्ठित दिसण्यासाठी गुलाममालकाचं अंग घालावं लागलं, कारण प्रतिष्ठेचा दुसरा साचाच बाजारात नव्हता. यात हसण्यासारखं काय आहे?

त्याच कॅलहूनच्या साउथ कॅरोलिनात १८५० मध्ये जोसेफ झीली नावाच्या फोटोग्राफरनं लुई अगासी या प्राध्यापकासाठी गुलाम माणसांचे फोटो काढले. कपडे उतरवून, समोरून आणि बाजूनं. अगासीला गोरे आणि काळे वेगवेगळे निर्माण झाले असं सिद्ध करायचं होतं. रेंटी आणि त्याची मुलगी डेलिया ही त्यातली दोन नावं. हे फोटो एका संग्रहालयाच्या माळ्यावर पडून होते, ते १९७६ मध्ये सापडले. ज्या काळात मध्यमवर्गीय गोऱ्या बायकांच्या फोटोत गालाला गुलाबी रंग लावला जात होता, त्याच काळातले हे फोटो. इथं सौंदर्य नको होतं, पुरावा हवा होता. म्हणून मी मघाशी म्हटलं, ब्रश न फिरवणं हाही निर्णय असतो.

आणि एडवर्ड कर्टिस. अमेरिकेतल्या मूळ रहिवाशांचे फोटो काढून यानं १९०७ ते १९३० मध्ये वीस खंड काढले. त्यातला एक फोटो पीगन जमातीच्या एका तंबूचा, बाप आणि मुलगा बसलेले, लिटल प्लूम आणि यलो किडनी. मूळ निगेटिव्हमध्ये दोघांच्या मध्ये एक गजराचं घड्याळ आहे. छापताना घड्याळ पुसून टाकलं. का? कारण 'आदिम' माणसाकडे घड्याळ असलं की तो आदिम राहत नाही. तो आजचा माणूस होतो, आणि आजचा माणूस जमिनीचा हिशेब मागू शकतो. आपल्याकडच्या आदिवासींचे, भटक्यांचे फोटो काढणारे पत्रकार आजही 'मोबाईल जरा बाजूला ठेवा' म्हणतात ना, ते हेच घड्याळ आहे.

न्यूझीलंडचं उदाहरण मला सगळ्यात जास्त बोचलं. माओरी लोक चेहऱ्यावर जे गोंदतात त्याला मोको म्हणतात. तो माणसाच्या कुळाची, दर्जाची ओळख. पण ओल्या काचेला निळं-हिरवं गोंदण जवळजवळ दिसतच नसे, फोटोत चेहरा कोरा यायचा. माओरींचे फोटो गोऱ्यांना विकणाऱ्या स्टुडिओंना हे परवडणारं नव्हतं, गिऱ्हाइकाला गोंदलेला माओरीच हवा. मग काही ठिकाणी तो मोको हातानं पुन्हा गडद करून काढला जाई. म्हणजे जिथं गोंदण विकलं जात होतं तिथं कलाकारानं ते रंगवून परत आणलं, आणि जिथं गोंदणानं लाज वाटायला लावली होती तिथं, माझ्या आजीच्या कपाळावर, पेन्सिलनं भरून टाकलं.

काही मित्र म्हणतील, मग तुला काय हवंय? फोटोला हातच लावायचा नाही? आपल्या माणसांनी नटूनथटून उभं राहायचंच नाही?

उलट आहे. फ्रेडरिक डग्लस, गुलामगिरीतून पळालेला माणूस, एकोणिसाव्या शतकातला सर्वांत जास्त फोटो काढलेला अमेरिकन. दीडशेहून जास्त वेगवेगळे फोटो. त्यानं १८४९ मध्येच लिहिलं होतं की गोऱ्या चित्रकारांच्या हातून काळ्या माणसाचं निष्पक्ष चित्र होऊच शकत नाही. म्हणून तो पुन्हा पुन्हा कॅमेऱ्यापुढे बसला, कोट घालून, न हसता. सोजर्नर ट्रूथनं, तीही गुलामगिरीतून आलेली, आपले छोटे फोटो विकून पोट आणि चळवळ चालवली, खाली छापलं की देह जगवायला मी सावली विकते आहे, आणि १८६४ मध्ये त्या फोटोचा हक्क स्वतःच्या नावावर करून घेतला. मालकी स्वतःकडे. बाबासाहेबांचा कोट आणि टाय मी याच रांगेत ठेवते.

आणि महाडलाही, १९२७ च्या डिसेंबरात, बाबासाहेबांनी बायकांना सांगितलं होतं की अस्पृश्य म्हणून ओळखू येईल असं लुगडं नेसणं सोडा, गळ्यातल्या माळांचं आणि हातातल्या चांदी-कथलाच्या कड्यांचं ओझं सोडा. ओळखीच्या खुणा आपल्या हातानं उतरवणं हा आपल्या चळवळीचा भाग होता. म्हणून 'गोंदण म्हणजे आपली संस्कृती, ते पुसणं म्हणजे पाप' असं मी म्हणणार नाही. लोकसंस्कृतीचं कौतुक करणारे सवर्ण ते म्हणायला पुरेसे आहेत. त्यांच्या कपाळावर ते नसतं.

हे सगळं डोक्यात असूनही वर्षभर मी त्या स्टुडिओवाल्यावर राग धरून होते. दिवाळीच्या सुट्टीत आत्याला विचारलं, आजीचं गोंदण त्यानं का काढलं? आत्या भाकरी थापत होती. म्हणाली, "त्यानं कशाला काढंल? मायनंच सांगितलं व्हतं. तुझ्या बापाला नोकरी लागली, सरकारी खोली मिळाली, तिथं लावायचा व्हता फोटो. शेजारी साहेब लोक ऱ्हायचे. माय म्हणली, ते हिरवं तेवढं काढ बाबा."

मी गप्प बसले. थोड्या वेळानं विचारलं, आणि गोरं? गोरं कर असंही म्हणाली होती?

"नाही. ते त्यानं त्याच्या मनानं केलं."

हा फरक मला कोणत्याच पुस्तकात सापडला नव्हता. गोंदण काढायचा निर्णय आजीचा होता, त्यामागे भीती असेल, लाज असेल, लेकाची काळजी असेल, पण निर्णय तिचा. गोरेपणा मात्र न मागता मिळाला. मागायचा प्रश्नच नव्हता, कारण पेन्सिल दुसरं काही करतच नव्हती, आणि पेन्सिल धरणाऱ्याला तेच सुंदर वाटत होतं. त्याचाही दोष किती काढायचा? तो ज्या कॅलेंडरांवर हात बसवत शिकला त्यावर देव गोरे होते, हिरो गोरे होते.

पण आज आपल्यातलेच लोक जे करताहेत त्याचा दोष नक्की काढायचा. तीन जानेवारीला सावित्रीबाईंचे फोटो फिरतात, दरवर्षी त्या एक पायरी उजळ होतात. आता तर हलणारे, हसणारे, रंगीत जोतीराव आणि बाबासाहेब आले. त्वचा लोण्यासारखी. सुरकुती नाही, घाम नाही, रात्र रात्र जागून केलेल्या वाचनाची एक खूण नाही. 'किती जिवंत वाटतात' म्हणून आपण पुढे पाठवतो. जॉन्सननं माणसं उचलून त्याला हव्या त्या जागी ठेवली, आपण आपलीच माणसं उचलून जाहिरातीतल्या चेहऱ्यांच्या रांगेत नेऊन ठेवतो आहोत. तेही फुकट, तेही अभिमानानं. या ॲपना 'चांगला चेहरा' कोणी शिकवला, हे आपल्यातले संगणक शिकलेले पोरंपोरी विचारणार नाहीत तर कोण विचारणार?

तुमच्यापैकी बहुतेकजण घरातले पहिले पदवीधर असाल. घरात तुमच्या आधीच्या पिढीचे फोटो किती आहेत ते मोजून बघा. दोन? तीन? काहींच्या घरी फक्त रेशनकार्डावरचा किंवा मजुरीच्या कार्डावरचा. तो ॲपमध्ये घालण्याआधी जसाच्या तसा स्कॅन करून ठेवा, मागे काही लिहिलंय का बघा, आणि घरातलं म्हातारं माणूस बसलं असेल तर त्याला नाव विचारा. नुसतं अमक्याची आई नाही, तिचं नाव. कर्टिसच्या निगेटिव्हवर ते घड्याळ शिल्लक होतं, म्हणून त्यानं काय पुसलं ते आज आपल्याला कळतं.

मी मागच्या महिन्यात आत्याच्या पेटीतला छोटा फोटो मोठा करायला नेला. कपाळावरचं हिरवं ठेवायचं की आजीच्या शब्दाला मान देऊन काढायचं, हे आत्या ठरवणार आहे. तिनं अजून काही सांगितलेलं नाही. रंग मात्र जसा आहे तसा ठेवायचा हे आमचं ठरलंय. दुकानातल्या पोरानं फोटो कॉम्प्युटरवर घेतला आणि मी खुर्चीवर बसेपर्यंत दोन क्लिकमध्ये आजी उजळली. मी म्हटलं, दादा, थांबा, ते नकोय. त्याला खरंच नवल वाटलं. म्हणाला, "ताई, सगळ्यांचंच करतो. त्याचे वेगळे पैसे घेत नाही."